खरखर

माझ्या वडिलांनी तीस वर्षं लोकांच्या रेडिओतली खरखर काढण्यात घालवली, आणि मी वयाच्या सत्तराव्या वर्षी पेन्शनीतून पैसे बाजूला टाकून खरखर विकत आणली. आमच्या घराण्याची प्रगती एका वाक्यात सांगायची तर ती एवढीच आहे.

विकत आणली म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर आणला. तोही साधासुधा नव्हे, व्हॉल्व्हचा. पंधरा वॅटचा, बारा इंची एक स्पीकर आणि आत काचेच्या पाच नळ्या. कुरिअरवाल्या दोन पोरांनी तो धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आणला तेव्हा सौ. दारात उभी होती. खोका उघडला, वायर लावली, बटण दाबलं. मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसायला लागला. सौ.नं वाकून पाहिलं आणि विचारलं, "अहो, हा हीटर आहे का?"

मी तुच्छतेनं हसलो. पुढे वाचनात आलं की व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारेला हीटर असंच म्हणतात. संसाराच्या पंचेचाळीस वर्षांत हे असंच होत आलेलं आहे. मी अभ्यास करून चुकतो आणि ती चुकूनही बरोबर असते.

गिटार मी कॉलेजात असताना वाजवत असे. 'वाजवत असे' हे माझं मत. इतरांची मतं निरनिराळी होती. मग बँकेत नोकरी लागली, गिटार कपाटावर गेली, कपाटावरून माळ्यावर गेली, आणि घर बदलताना कुठे गेली ते कळलंच नाही. निवृत्तीनंतर नवी घेतली. चार वर्षं ती कोरडीच वाजवली. मग चिरंजीव बंगलोरहून म्हणाले, "बाबा, इलेक्ट्रिक गिटारचं अर्धं वाद्य म्हणजे ॲम्प. तुम्ही अर्धंच वाद्य वाजवताय." बाकीचं अर्धं मीही जेमतेम अर्धंच वाजवतो, हे त्याला सांगितलं नाही. ॲम्प मागवला.

आता त्याचे कान पिळायचे. आमच्या लहानपणी रेडिओच्या बटणांना आम्ही कानच म्हणत असू. रेडिओला कान दोन; फार तर चार. याला सहा! व्हॉल्यूम, ट्रेबल, बास, मिडल, मास्टर आणि रिव्हर्ब. प्रत्येकावर एक ते बारा आकडे. बँकेत माणूस छत्तीस वर्षं काढतो तेव्हा त्याला एक शिस्त लागते. नवं खातं उघडायचं ते शून्यावर. मी सगळी बटणं डावीकडे शेवटपर्यंत नेली आणि मग व्हॉल्यूम आणि मास्टर हळूहळू वाढवू लागलो. चार, सहा, आठ. चिडीचूप. तारा छेडून बोटं दुखली, पण आतून हूं नाही की चूं नाही. दिवे मात्र छान लागलेले. सौ. म्हणाली, "हीटर चांगला आहे."

चिरंजीवांना फोन लावला. तो म्हणाला, "ट्रेबल, मिडल, बास तिन्ही खाली आहेत का? मग काय ऐकू येणार!"

या तीन कानांची गंमत त्या दिवशी कळली. आपल्याला वाटतं, ट्रेबलचं बटण फिरवलं की यंत्र आवाजात ट्रेबल घालतं. यंत्र काहीही घालत नाही. या तऱ्हेच्या ॲम्पमधली ही बटणं फक्त कापतात. गिटारकडून आलेल्या आवाजाला तीन वाटा असतात आणि तीन दारं असतात. तिन्ही बंद केलीत तर आवाज आतच कोंडून मरतो. पगारपत्रकात कपातीचे तीन रकाने असावेत आणि तिन्हींनी मिळून सगळा पगार कापावा, तशातली गत. बरं, सगळी बटणं बरोबर मध्यावर ठेवली तर आवाज सरळ यावा, तर तसंही नाही. मध्यावर ठेवल्यावरही मधला सूर खड्ड्यातच असतो. शिवाय एक हलवलं की बाकी दोघांचे अर्थ बदलतात. एकत्र कुटुंबात थोरल्या सुनेला काही बोललं की धाकटी का रुसते, हे ज्याला कळतं त्यानंच या बटणांना हात लावावा.

पंधरा दिवस मी लावत होतो. रात्री दहा वाजता हळू आवाजात अशी काही सुरेख जुळणी बसायची की मी बटणांचे आकडे वहीत लिहून ठेवी. सकाळी अकरा वाजता तेच आकडे, तीच गिटार, तोच मी. पण आवाज मोठा केला की ढोलीत बसून कुणीतरी घुमतंय असं वाटे. मागाहून कळलं की यात यंत्राचा दोष नाही, कानाचा आहे. माणसाच्या कानाला हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून आपण रात्री तो वाढवून ठेवतो आणि सकाळी तोच आपल्या बोकांडी बसतो. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी याचे आलेख काढून ठेवले होते. मी वही भरायला घेतली त्याच्या नव्वद वर्षं आधी.

दुसरी गोष्ट जागेची. ॲम्प मी कोपऱ्यात जमिनीवर ठेवला होता. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि स्पीकरचा तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातो. म्हणजे तो नेमका माझ्या पोटऱ्यांना ऐकू येत होता. कानांना वाटे, आवाज बोथट आहे, म्हणून मी ट्रेबल वाढवी. एकदा सहज खाली बसलो आणि दाढेत सुई गेल्यासारखं झालं. तेव्हापासून ॲम्प स्टुलावर आहे आणि पूर्वी स्टुलावर असलेली कुंडी जमिनीवर आहे. कुंडीला खर्ज मानवला असावा. तिला नवी पानं फुटली.

हे सगळं करताना मला सारखे अण्णा आठवत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. भिंतीला उघडेवाघडे रेडिओ, टेबलावर सोल्डरिंगचा धूर आणि मधोमध अण्णा. लायसन्सचे पैसे पोस्टात भरून लोक रेडिओ ऐकत तो काळ. ऐकताना खरखर आली की तो रेडिओ धोतराच्या पानात किंवा चादरीत गुंडाळून अण्णांकडे येई. लूज सोल्डर, सुकलेला कंडेन्सर, मळलेला कंट्रोल, थकलेला व्हॉल्व्ह: खरखरीची कारणं चार, आणि अण्णा ती नुसत्या कानानं ओळखत. रेडिओ चालू करायचा, डोळे मिटायचे आणि खरखर ऐकायची. दोन मिनिटांनी म्हणायचे, "कंडेन्सर." गिऱ्हाईक विचारी, "उघडायचा न्हाई का अण्णा?" अण्णा म्हणत, "आधी ऐक, मग फिरव." हे वाक्य ते गिऱ्हाइकाला म्हणत की मला, ते कळत नसे.

तर या ॲम्पच्या निमित्तानं मी इतिहास वाचायला घेतला. (निवृत्त माणसाला काहीच जमेना झालं की तो इतिहास वाचायला घेतो.) आणि पहिल्याच पानावर मला अण्णांचा जुळा भाऊ भेटला.

१९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगनं काचेच्या निर्वात नळीत वीज एकाच दिशेनं वाहते हे वापरून पहिला व्हॉल्व्ह केला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं त्यात एक जाळी बसवली. जाळीवर छोटासा विद्युतभार बदलला की नळीतून वाहणारा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. धरणाच्या दरवाज्याला एका बोटानं हलवावं आणि खाली नदीनं नाचावं, तसं. यातून लहान आवाजाचा मोठा आवाज झाला. यातून रेडिओ घराघरांत गेला. आणि रेडिओ घराघरांत गेला की तो बिघडणार आणि तो दुरुस्त करणारा कुणीतरी गल्लीच्या कोपऱ्यावर लागणार.

कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाचं गाव आहे. तिथे लिओ फेंडर नावाच्या गृहस्थानं १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. आमच्या अण्णांसारखंच. गावातले वाजवणारे आपले मोडके ॲम्प्लिफायर त्याच्याकडे आणू लागले. दुरुस्त करता करता त्याला वाटलं, यापेक्षा आपण चांगला करू. त्यानं ॲम्प केले. मग गिटारी केल्या. १९५४ साली त्याची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली आणि ती जगभर गेली. त्याच साली मिरजेत माझा जन्म झाला. पुढचा तपशील सारखा नाही. आणि या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! आयुष्यभर नाही आली. अण्णांनाही गाणं येत नव्हतं. पण दोघांना ऐकता येत होतं.

फेंडरची धडपड काय, तर आवाज स्वच्छ यावा. मोठा, पण स्वच्छ. १९५० च्या सुमाराला जगातला प्रत्येक शहाणा इंजिनीयर हेच म्हणत होता. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओढलं की तो आवाजाची लाट पुरी उचलू शकत नाही. लाटेचा माथा छाटला जातो. टेकडीचं पठार होतं. या छाटण्यातून मूळ सुरात नसलेले वरचे सूर जन्माला येतात आणि आपण म्हणतो, आवाज फाटला. असा फाटका आवाज कुणाला हवा असेल, हे इंजिनीयरच्या स्वप्नातही आलं नाही.

आणि मग १९५१ साली मेम्फिसमध्ये एक ॲम्प मोडला. आइक टर्नरची मंडळी रेकॉर्डिंगसाठी मिसिसिपीतून निघाली होती. वाटेत गिटारच्या ॲम्पचा स्पीकर गेला. कुणी म्हणतं गाडीवरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स. त्यानं फाटक्या स्पीकरात कागद कोंबले आणि म्हणाला, वाजवा तसंच. 'रॉकेट ८८' नावाचं ते गाणं त्या वर्षी तिकडच्या याद्यांत पहिल्या नंबरावर गेलं, आणि त्यातली गिटार खरखरते. १९५८ साली लिंक रे यानं पेन्सिलीनं स्पीकरला मुद्दाम भोकं पाडली. १९६४ साली लंडनच्या किंक्स मंडळीतल्या डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या पोरानं दाढीच्या पात्यानं आपल्या छोट्या ॲम्पचा स्पीकर चिरला आणि त्यातून निघालेलं गाणं इंग्लंडात पहिलं आलं. मी हे वाचताना चष्मा काढून पुसला. कारण स्पीकर फाडण्याच्या या जागतिक इतिहासात एक नोंद राहिलेली आहे आणि ती १९७२ सालची, मिरजेची आहे.

मी अठरा वर्षांचा होतो. कलकत्त्याची एक गिटार मी शिकवण्या करून घेतली होती आणि एका मित्रानं मुंबईहून तिला लावायचा पिकअप आणला होता. 'हरे राम हरे कृष्ण' येऊन गेलेला. 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार आम्हा पोरांच्या डोक्यातून जात नव्हती. गिटार होती, पिकअप होता. ॲम्प कुठला आणायचा? पण अण्णांच्या दुकानात भिंतभर ॲम्प होते! व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे दोन भोकं असत, ग्रामोफोनचा पिकअप लावायला. दुपारी अण्णा जेवायला घरी गेले होते. एक दुरुस्त झालेला सेट गिऱ्हाइकाची वाट पाहत टेबलावर होता. मी पिकअपच्या वायरी त्या भोकांत घातल्या, रेडिओ लावला, तापू दिला आणि आवाजाचा कान शेवटपर्यंत पिळून तारेवर हात मारला.

तो आवाज मला अजून आठवतो. तो गिटारचा नव्हता, रेडिओचाही नव्हता. जाड, फाटका, रानटी, आणि लांबच लांब टिकणारा. मी दुसऱ्यांदा हात मारला. तिसऱ्यांदा मारला तेव्हा स्पीकरचा वाळलेला कागद टर्रकन फाटला आणि त्याच वेळी दारात अण्णा उभे होते.

ते काही बोलले नाहीत. आत आले, आधी भिंतीतला प्लग उपटला आणि मग माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्या आवाजालाही थोडी खरखर होती. मग म्हणाले, "परत याला हात लावलास तर बघ." संध्याकाळपर्यंत त्यांनी फाटलेल्या कोनाला पातळ कागद डिंकानं चिकटवला आणि रेडिओ स्वच्छ बोलू लागला. सॅम फिलिप्सनं कागद लावून खरखर राखली. अण्णांनी कागद लावून घालवली. माझ्या आयुष्यातली रॉक संगीताची शक्यता त्या संध्याकाळी डिंकानं बंद झाली. मी गिटारला हात लावला तो पुढे गॅदरिंगपुरताच. अण्णांना माझं वाजवणं आवडलं नाही, अशी एक आढी मनात बसली, आणि ती मी पन्नास वर्षं सांभाळून ठेवली. बँकेतल्या माणसाला ठेवी सांभाळायची सवय असते.

अण्णांच्या समोर सतारमेकर गल्लीतले एक चाचा येऊन बसत. त्यांचा रेडिओ बिघडलेला नसला तरी बसत. मिरजेचे हे सतारमेकर मुळातले शिकलगार, हत्यारं करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारींचे दिवस संपले तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. तिथपासून ती गल्ली वाजते आहे; २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तर चाचांनी मला पडलेली थोबाडीत रस्त्यापलीकडून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी येऊन ते अण्णांना म्हणाले, "अण्णा, पोराला मारलं का? आवाज तर चांगला आला होता. तुम्ही खरखर काढता, आम्ही खरखर घालतो. धंदा येवढाच फरक."

हे चाचांचं बोलणं मला तेव्हा गंमत वाटलं. आता कळतं की ते शास्त्र होतं. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उताराची घासलेली असते. तार तिच्यावरून सुटताना तिला घसटून थरथरते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तो बसला की तार एकदम उघडते आणि एका सुरातून सुरांची झुंबरं लोंबायला लागतात. ती जवारी. दोरा काढून टाका, घोडी अणकुचीदार करा. सूर तोच राहील, अगदी स्वच्छ राहील, आणि त्यावर कुणालाही गावंसं वाटणार नाही. फुलर्टनच्या इंजिनीयरला जे कळायला पोरांनी स्पीकर फाडावे लागले, ते मिरजेच्या गल्लीत दोऱ्याच्या टोकाला बांधलेलं होतं.

पोरांनी फाडलेला आवाज धंद्यात कसा आला, ही पुढची हकीकत लांबलचक आहे, ती आटोपतो. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या पोरांना फेंडरचे ॲम्प हवे असत आणि ते इंग्लंडात फार महाग पडत. १९६२ साली मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरचा बासमन समोर ठेवून त्याची नक्कल केली. हा बासमन मुळात बास गिटारसाठी केलेला. साध्या गिटारवाल्यांनी तो पळवला होता. नक्कल करताना व्हॉल्व्ह इंग्लंडात मिळणारे घातले, स्पीकर इंग्लंडात मिळणारे घातले, आणि आवाज वेगळाच निघाला, जास्त खरखरीत. पोरं खूश! मग त्यांना तो आणखी मोठा हवा झाला आणि शंभर वॅटचे डोंगर उभे राहिले. गंमत म्हणजे दहा वॅटचे शंभर वॅट केले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. बाकीचे वॅट शेजाऱ्यांच्या वाट्याला जातात.

तिकडे हे चालू असताना इकडे व्हॉल्व्हचं मरण लिहिलं गेलं होतं. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर झाला. तो तापत नाही, फुटत नाही, वाट पाहायला लावत नाही. सत्तरीच्या दशकात मिरजेच्या बाजारात येणारा शेतकरीसुद्धा सायकलीच्या दांड्याला ट्रान्झिस्टर लटकवून येऊ लागला. अण्णांच्या दुकानातले रेडिओ वर्षावर्षाला कमी होत गेले. मी बँकेतून सुट्टीला गेलो की त्यांना म्हणे, "अण्णा, आता हे व्हॉल्व्हचे सेट कोण आणतंय? बंद करा." १९८२ साली त्यांनी दुकान बंद केलं. ते गेल्यावर दुकानातली पेटी मी उघडली. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेले शे-सव्वाशे व्हॉल्व्ह. मी ती पेटी भंगारवाल्याला दिली. किती पैसे आले ते आठवत नाही, इतके कमी आले. आज तसल्या जुन्या व्हॉल्व्हसाठी जगभरचे गिटारवाले वेडे झालेले आहेत. नवे व्हॉल्व्ह रशिया, चीन, स्लोव्हाकिया असल्या मोजक्या ठिकाणी बनतात आणि तेही मुख्यतः आमच्यासारख्या खरखरप्रेमी मंडळींसाठी. सगळ्या जगानं टाकून दिलेली वस्तू गिटारवाल्यांनी धरून ठेवली. मी मात्र आधी टाकली आणि मग धरली.

गेल्या महिन्यात ॲम्पबरोबर आलेलं माहितीपत्रक मी प्रथमच नीट वाचलं. बटणं झाली, आकृत्या झाल्या, आणि शेवटी ठळक अक्षरांत इशारा: पेटी उघडू नका, आत तीनशे व्होल्टच्या वर दाब आहे, प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. तिथून मी जुन्या रेडिओंबद्दल वाचत गेलो. एके ठिकाणी असं होतं की जुन्या काळी काही गावांत एसी वीज असे, काही गावांत डीसी. म्हणून दोन्हींवर चालणारे एसी-डीसी सेट निघत. त्यांना ट्रान्सफॉर्मर नसे. त्यांच्या लोखंडी चासीचा थेट भिंतीतल्या विजेशी संबंध असे. प्लग उलटा लागला तर सगळी चासी जिवंत.

मी मिरजेला आक्काला फोन लावला. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. म्हटलं, "आक्का, बहात्तर साली मी रेडिओला गिटार लावली होती आणि अण्णांनी मारलं होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? त्या रात्री अण्णा जेवले नाहीत."

"रागानं?"

"रागानं कशाला बाबा! हात कापत होते त्यांचे. आईनं ताट वाढलं तर तसंच बसून राहिले. म्हणाले, एसी-डीसी सेट होता गं, आणि पोराचे दोन्ही हात तारांवर होते."

मी काही बोललो नाही. आक्काच म्हणाली, "तुला सांगितलं नाही होय त्यांनी? मला वाटलं, तुला म्हाईत असेल."

अण्णांचा एक नियम होता. चालू सेटमध्ये काम करताना डावा हात खिशात. एका हातातून शिरलेली वीज दुसऱ्या हातानं बाहेर पडली तर वाटेत काळीज लागतं; म्हणून दुसरा हात तिथे ठेवायचाच नाही. आम्हा पोरांना ते साहेबी ऐटीत उभे आहेत असं वाटे. आता गिटार वाजवणाऱ्यानं कुठला हात खिशात घालावा? पन्नास वर्षं मला ती थोबाडीत आठवत होती. तिच्या आधी त्यांनी भिंतीतला प्लग उपटला होता, हे मी इतक्यांदा सांगितलं आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

माझ्या ॲम्पचं आता बरं चाललं आहे. त्याला ट्रान्सफॉर्मर आहे, अर्थिंग आहे, आणि वायरिंग मी दोनदा तपासून घेतलं आहे. बटणांची वही मिटवली. आकड्यांत काही नसतं हे कळलं. व्हॉल्यूम अशा जागी ठेवायचा की हळू छेडलं तर सूर स्वच्छ यावा आणि जोरात छेडलं तर कडेला किंचित फाटावा. मग बाकीचं काम ॲम्पकडे नाहीच. ते गिटारवरच्या छोट्या कानाकडे आणि उजव्या हाताकडे. केसभर कमी, केसभर जास्त. चाचा दोरा सरकवत तसा.

परवा वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक आले. दारातच म्हणाले, "तुमचा रेडिओ खरखरतोय का हो? कंडेन्सर गेला असेल."

"नाही," मी म्हटलं, "जवारी लावतोय."

ते बसले, ऐकलं, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "लागली की कळवा." सौ.ला मात्र वेगळीच शंका होती. मी ॲम्प लावायला वाकलो की ती बघत असे. शेवटी परवा तिनं विचारलंच, "अहो, बटण दाबताना तुमचा डावा हात कायम खिशात का असतो?"

"थंडी वाजते," मी म्हटलं.

"मे महिना आहे," ती म्हणाली. "आणि समोर हीटर आहे."